हा घास अण्णांचा

६ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचे! टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी, माझ्या मांडीवर काचेची रिकामी टाकी आणि मागे आमचा सगळा संसार. श्रावणीला तिच्या भावाने गाडीतून हळूहळू आणलं. सातवा महिना चालू आहे. मागच्या वर्षी एकदा आशा लागून मोडली, त्यामुळे या खेपेला आम्ही दोघंही जरा जपूनच असतो. मी येईपर्यंत ती ओट्यावर चहा पीत बसली होती. टाकी सुखरूप उतरलेली पाहून म्हणाली, दवाखान्यात जाताना मलाही असंच मांडीवर घेऊन जा.

भोरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचं आणि राहायचं जवळच उत्रोलीत. खाली घरमालक रखमाजीअण्णा आणि त्यांचा मुलगा गोरख, वर आम्ही. आजूबाजूला भात पिकून पिवळा झालाय. अण्णा म्हणजे झुबकेदार मिशा, डोक्याला टोपी, आणि ओट्यावरच्या खाटेवर बसून आल्यागेल्याची चौकशी. टाकीत मासे पाळणार म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि खायाचं न्हाईत तर पाळायचं कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांची पैदास करतो, छंद आहे. अण्णा म्हणाले, विराज मास्तर, लई शिकल्याव असंच व्हतंय.

टाकी खिडकीशी मांडली. खाली बरोबर अण्णांची खाट दिसते. वाळू, पाण्यातलं शेवाळ, बुडबुडे सोडणारा स्पंज, सगळं लावून झालं. आता फक्त मासे हवेत.

१२ ऑक्टोबर

मासे मिळाले, आणि तेही दुकानातले नव्हेत! सुट्टी होती म्हणून मोटारसायकलवर वरंध घाटाच्या बाजूला गेलो. हिर्डोशीच्या वर ओढ्यात एक डोह आहे. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसतात, आणि त्यात बोटाच्या पेराएवढे मासे. कुशीवर निळी रेघ, शेपटीला सोन्याची झाक. माझ्या पुस्तकांत हा मासा नाही. घरच्या टाकीत याची पिल्लं काढली तर मी पहिलाच!

काठावर शेंदूर लावलेला दगड होता आणि पानावर भाताची शितं. आसपास चिटपाखरू नव्हतं. चहाच्या गाळणीने तीन मासे धरले. एक रुबाबदार नर, पोटाला लालभडक पट्टा. एक गुबगुबीत मादी. तिसरी फिकट, बुजरी, तीही मादीच दिसते. अण्णांना सांगितलं की रस्त्याकडेच्या ओढ्यातले आहेत. उगाच कुणाच्या देवाची भानगड नको.

१५ ऑक्टोबर

मासे काहीच खाईनात. विकतचं खाद्य नाही, डासांच्या अळ्या नाहीत, उकडलेल्या अंड्याचा बलक नाही. शेवटी श्रावणीने जेवता जेवता ताटातला भात चिमटीत कुस्करला आणि होणाऱ्या बाळावर करायची ती तालीम माशांवर केली. काऊचा घास, चिऊचा घास करतात ना, तसं. आता माशांना नावं नकोत का? मिशा नसल्या तरी तोरा तोच, म्हणून नराचं नाव अण्णा. गुबगुबीत मादी म्हणजे आमच्या विभागप्रमुख सौदामिनीबाई, व्हरांड्यातून जाताना त्या अगदी अशाच जातात. आणि रुसून शेवाळात बसलेली ती श्रावणी. हे नाव मी ठेवलं, त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला.

हा घास अण्णांचा, असं ती म्हणाली आणि नर सुळकन वर येऊन शीत घेऊन गेला. आम्ही पोट धरून हसलो. बाकीच्या दोघींनी मात्र तोंड लावलं नाही.

१८ ऑक्टोबर

रखमाजीअण्णा गेले.

सकाळी खाटेवर बसले होते, हातात चहाची बशी होती. गोरख सांगत होता, की त्यांना कायतरी बोलायचं व्हतं. आवाजच फुटला नाही. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. मग मान कलली. मूळ गाव हिर्डोशी, म्हणून तिकडेच नेलं. श्रावणी खूप रडली. चार दिवसांची ओळख, पण मलाही चटका लावून गेले.

नर आज खिडकीकडच्या काचेला लागून उभा आहे. तोंड खाली, खाटेच्या दिशेने. काचेत स्वतःची सावली दिसली की नर असे उभे राहतात. श्रावणीला मी तसंच सांगितलं.

२१ ऑक्टोबर

अंडी! शेवाळात खसखशीएवढी, काचेसारखी अंडी! इतक्या दिवसांनी घरात आनंदाची बातमी. श्रावणी खुर्ची टाकून टाकीसमोर बसली आहे, पोटावर हात ठेवून. म्हणते, आधी यांचं, मग माझं. मी बरणीत भाताचा पेंढा भिजत घातला. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, तेच पिल्लांचं पहिलं अन्न. सौदामिनीबाईंनीही आज नावाचा घास घेतला.

संध्याकाळी गोरख दहाव्याचं सांगायला वर आला होता. तो दारापाशी गेला की नर त्या बाजूला, खुर्चीत बसला की या बाजूला. गोरखच्याही ते ध्यानात आलं. कौतुकाने त्याने विचारलं, ह्याला काय नावबिव ठिवलंय का. मी नाही म्हटलं.

२४ ऑक्टोबर

सौदामिनीबाई. वर्गात शिकवता शिकवता.

मी शेजारच्या वर्गातून धावलो. मुलांना आधी वाटलं, बाई गंमत करतायत. फळ्याला टेकून उभ्या होत्या. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नाही. मी समोर उभा राहून ते पाहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी आलो तर पिल्लं बाहेर पडलेली. केसाएवढी, काचेला चिकटून लोंबणारी. श्रावणीच्या आनंदावर विरजण घालवेना. बाईंची बातमी जेवण झाल्यावर सांगितली.

योगायोग असतात. मी विज्ञान शिकवतो.

२७ ऑक्टोबर

अण्णांचा दहावा. हिर्डोशीला गेलो. आणि लोक मला त्याच डोहावर घेऊन आले.

इथे कावळ्याची वाट बघत नाहीत. इथे पिंडाला मासा शिवावा लागतो. गोरखने पाण्याच्या कडेला भात ठेवला, ओंजळभर पाण्यात सोडला आणि म्हणाला, हा घास रखमाजीचा.

हेच शब्द. आमच्या घरातले.

मासे आले. भातापर्यंत आले आणि वळून गेले. गोरख हात जोडून सांगत राहिला, की आत्याला अंतर देणार न्हाई, वरचं वावर इकनार न्हाई. ऊन चढलं. एकाही माशाने शीत घेतलं नाही. बायका रडायला लागल्या.

अण्णांची बहीण चंद्राबाई काठीच्या आधाराने पुढे आल्या. बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाल्या, ह्यो घास आदीच शिवलाय. रखमा जित्ता असताना कुनीतरी त्याच्या नावानं घातलाय. लोक म्हणाले, असं कोण करील, म्हातारीचं काहीतरीच.

मी माझ्या चपलांकडे बघत उभा होतो.

२८ ऑक्टोबर

श्रावणीला सांगितलं, भाताने पाणी सडतं, भात बंद. ती हो म्हणाली.

बुजरीने अजून एकदाही घास घेतलेला नाही. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नाही घेतलेला. शेवाळाबाहेरच येत नाही. देवा, तिला बाहेर येऊ देऊ नकोस.

३१ ऑक्टोबर

मासे परत डोहात सोडायचं ठरवलं. टाकीत दोघं सापडले, तिसरी नाही. शेवाळ उपसायला हात घातला तर श्रावणीने मनगट धरलं. पिल्लं त्यातच आहेत, मरतील. रडायलाच लागली. मागच्या वर्षीचं सगळं तिच्या डोळ्यांत होतं. मी हात बाहेर काढला. तिला कसं सांगू? आठव्या महिन्यात, तुझ्या नावाचा मासा —

दोघांना डोहात सोडून आलो. चंद्राबाई काठावरच होत्या, जशा काही वाट बघत. घातलेला घास परत घेता येतो का, मी विचारलं. म्हणाल्या, शिवलेला घास माघारी फिरत न्हाई. पन नुसतं नाव घिऊन काय व्हत न्हाई, लेकरा. मासा शिवाया लागतू.

म्हणजे श्रावणी सुखरूप आहे. भात नाही, तर भीती नाही. मोटारसायकलवर येताना मोठ्याने रडलो.

४ नोव्हेंबर

कॉलेजातून आलो. श्रावणी दारातच, हसत. म्हणाली, कसले जीवशास्त्राचे मास्तर तुम्ही! ती मादी नाहीच.

टाकीत बघितलं. लालभडक पट्टा. थोरला नर असेपर्यंत धाकटा रंग दाबून असतो, मादीसारखा फिकट. थोरला गेला की मग — हे मला माहीत होतं. मुलांना शिकवलंय मी हे.

रंग एवढा, पण पोट खपाटीला. तिला दया आली. एवढ्याशा भाताने काय होतंय, म्हणाली. पटकन आला, हातातून घेतला.

आणि नर म्हटल्यावर माझं नाव कशाला, म्हणाली. नाव बदललं.

हा घास विराजचा.

मला हसू आलं. खरंच. आधी हसूच आलं, कारण श्रावणी वाचली. तिला जवळ घेतलं. तिला वाटलं, माशाचाच आनंद.

सांगायला हवं. पण काय सांगू — तू मला —

नाही. हे तिला जन्मात कळता कामा नये.

५ नोव्हेंबर

तो काचेशी उभा. माझ्याकडे तोंड करून. मी उठलो की तोही —

कॉलेजला गेलो नाही. श्रावणीच्या माहेरी फोन केला, तिला घेऊन जा म्हटलं. उद्या येतायत. घशात काहीतरी अडकल्यासारखं —

६ नोव्हेंबर

सकाळ. ऊन आलंय. आवाज नाही. हाक मारतो, नुसतं तोंड —

श्रावणी आत आहे. कुकरची शिट्टी झाली. माहेरी जाण्याआधी पिल्लांना पहिला घास घालते म्हणतेय. मोठी झालीत ती. सगळ्यात चुणचुणीत पिल्लाला नाव ठेवलंय तिने. आपल्या बाळाचं —

सांगायला हवं होतं. परवाच सांगायला —

पाय उचलत नाहीत. वाटी घेऊन आली. माझ्याकडे पाठ. वही तिच्याकडे फेकतो. ती वाचेल. मोठ्या अक्षरात लिहितो.

श्रावणी भात घालू नकोस

श्रावणी बाळाचं नाव घेऊ न