जाळी की फुगा

बदनापूर,
४ जुलै २००७

ति. ताईस,
धर्मराजचा सप्रेम जयभीम. वि. वि.

डायलिसिसच्या सुया टोचतात ती माझ्या डाव्या दंडातली शीर एका जागी आकसली आहे. मशीन सारखं बोंबलतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी चिरफाडीशिवायचे तीन उपाय सांगितले: आतून साधा फुगा फुगवणं, बारीक पाती लावलेला फुगा, न्हाई तर धातूची जाळी. शीर बंद पडली तर मानेत नळी. मंग माझी शाळेतली मास्तरकी सुटलीच समज.

मी जाळी सांगून आलो. अर्धवट काम नको, एकदाच निकाल लावा, असं तूच सभांमधून सांगतेस ना? कौसल्या मात्र अडून बसली आहे, ताईंना विचारल्याशिवाय सही करायची न्हाई म्हणते. नवऱ्यापेक्षा नणंदेवर भरवसा! जल्दी कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धर्मराज

अंबड,
७ जुलै २००७

चि. धर्मराजास,
आशीर्वाद व जयभीम.

अरे शहाण्या, मी सभेत बोलते ते जातीबद्दल, तुझ्या शिरेबद्दल नाही! पत्र वाचलं आणि तशीच औरंगाबादला गेले. डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी आधी चहा मागवला, मग चित्र काढून दाखवलं.

आधी साधा फुगा. शीर पुन्हा आकसली तर पुन्हा फुगवता येते. जागा निबर असली आणि फुगा दबून राहिला, तरच पात्यांचा. त्यात शीर फाटायचा धोका थोडा जास्त. जाळी अगदी शेवटी. ती एकदा बसली की निघत नाही, तिच्या तोंडाशी शीर पुन्हा आकसू शकते, आणि तेवढ्या भागात सुया टोचायच्या नाहीत. सुयांना जागाच उरली नाही, तर निकाल कुणाचा लागला?

जाळी रद्द कर. कौसल्याला शाबासकी सांग. माझा जीव तुझ्यात आहेच, ऐकलंस तर जास्त.

तुझी ताई,
नंदा

बदनापूर,
१२ जुलै २००७

ति. ताईस,
जयभीम, जयभीम!

जमलं! दंड तेवढा बधिर केल्ता, मी पडद्यावर सगळं बघून राह्यलो होतो. साधा फुगा दोन्ही टोकांना फुगला, मधे मात्र करदोडा आवळल्यासारखा अडला. डॉक्टरांनी पात्यांचं विचारलं. शीर फाटायचं तू लिहिलेलं आठवलं, तरी हो म्हणालो. आणि तो आवळ सुटला! मी टाळी वाजवायलाच निघालो, नर्सनं हात दाबून धरला. काल मशीन बिलकुल ओरडलं न्हाई. सोमवारी चौथीच्या वर्गावर जातो.

काही महिन्यांनी शीर पुन्हा आकसू शकते, यावं लागेल, हे डॉक्टर जरा हळूच सांगत होते. मीच मोठ्यानं म्हणालो, बराबर येतो. जितक्यांदा आकसेल तितक्यांदा फुगवू. बाहेर बसलेल्या कौसल्येला वाटलं, ताईच आत शिरल्या.

अशीच रागावत राहा.

तुझा,
धर्मराज