कोमट मिठाचं पाणी

बागबाजार, कलकत्ता
उलट्या रथाचा दिवस, आषाढ

ठाकुरपो,

त्या सकाळी मी आधी मिठाचं पाणी स्टोव्हवर ठेवलं आणि मग नळाखाली बादली लावली. विळीवर बसून मासे साफ केले, भाताचं आधण ठेवलं. तुमचे दादा मागच्या गॅलरीत गुळण्या करत होते. खालून घोषालबाबू नेहमीसारखे ओरडले, "अनादिदा, गंगेला भरती आली की काय?" दादांनी गुळणी टाकली आणि म्हणाले, "नाही रे, खुनी तोंड धुतोय!" जीभ तेव्हा अजून जड होती, शब्द चिकटून बाहेर पडले. घोषालबाबूंना ते समजले की नाही कोण जाणे, पण हसले.

तशी साधीच सकाळ. पण पत्राला बसले की तीच पुढे येते, म्हणून आधी लिहून टाकली.

तुम्ही बरे असाल. लतिकाचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, पावसाळ्यात जिने चढउतार कमी कर. माझं ठीक चाललंय. रथयात्रेला पापड तळले, सवयीनं दोघांचे तळले गेले, उरलेले घोषालांच्या सुनेला दिले. पांढरं नेसल्यापासून मासळी सुटली, त्याचं काही वाटत नाही. विळी मात्र गंजायला लागली.

मी गेल्या आठवड्यात टॉलीगंजला तुमच्या घरी येऊन गेले, हे लतिकानं सांगितलंच असेल. का आले ते तिला सांगितलं नाही. माझ्या जावेचा यात काही दोष नाही. म्हणून हे पत्र तुमच्या, दिराच्या नावानं.

मी शाळेत गेले नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. लग्नानंतर तुमचे दादा नाटकाची वही माझ्या हातात द्यायचे, "मी अडलो की पुढचं सांग" म्हणायचे. मला वाचताच येत नव्हतं, तर आधी तेच मला अक्षरं दाखवायचे आणि मग अडायचे. अशी मी शिकले. पुढे मोहल्ल्यातल्या वाचनालयातलं कपाट संपवलं. गुप्तहेरांच्या गोष्टी सगळ्यांत आवडत्या. दादा चिडवायचे, "हिच्या घरात खून करायची सोय नाही, निम्म्या पुस्तकात पकडते." खरंच पकडते. तुमच्या वेळेला एवढा उशीर कसा झाला, कळत नाही.

मंगळवारच्या मालिकेचा तो भाग तुम्हीच त्यांना मिळवून दिलात, हे मी विसरलेले नाही. कार्तिकात त्यांचं अर्धं तोंड वाकडं झालं, तेव्हा नाटकवाल्यांपैकी दाराशी आलेले तुम्ही एकटे. म्हणालात, "बौदी, पाच म्हाताऱ्यांची गोष्ट आहे. जुन्या बागबंगल्यात पाच मित्र जमतात, एकाचा खून होतो. चौघांवर संशय. गुप्तहेर पोरगा आमच्या नातवासारखा, पण काम आम्हां म्हाताऱ्यांचं. आणि खुनी अनादिदा!" दादा म्हणाले, "माझ्या तोंडातून धड शब्द निघत नाही, मी खून काय कबूल करणार?" तुम्ही हसलात. "शूटिंगला नुसते ओठ हलव ना! आवाज मागाहून भरायचाय डबिंगला. तोवर जीभ सुटेल."

त्या एका वाक्यावर तो माणूस उठून बसला.

पौषात शूटिंग झालं. घरी आले ते दमलेले, पण डोळे वेगळेच. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी सुरू झालं. गुळण्या झाल्या की आरशासमोर बसून तो शेवटचा लांबलचक कबुलीजबाब. मी हातात कागद धरून समोर. एक शब्द अडला की पुन्हा पहिल्यापासून. मला कंटाळा यायचा, मी ओरडायचे, "भाजी करपतेय, खुनीबाबू, सोडा आता!" तर म्हणायचे, "निभा, शेवटचं वाक्य ऐक फक्त." ते वाक्य म्हणजे, ‘त्याला मारलं, कारण तो मला अजून मित्र म्हणत होता.’ हे कसं म्हणायचं यावर आमचं भांडण झालं. मी म्हणाले, इथं रडू येणारच. ते म्हणाले, "मुळीच नाही. हा माणूस रडून रडून संपलाय. बाजारभाव सांगावा तसं सांगणार." आणि तसंच सांगितलं. पाठीवरून गार वारा गेला माझ्या.

मग माघात सरस्वतीपूजा आली. दादांनी तो कागदांचा गठ्ठा देवीच्या तसबिरीपुढे ठेवला, पेनासकट. मी म्हटलं, आज निदान गुळण्या तरी? म्हणाले, "आज वाणीला सुट्टी. आज जो बोल घोकेल त्याच्या जिभेवरून ती उठून जाते." दिवसभर खरंच कागदाला हात लावला नाही. अंजली वाहिली, खिचडी खाल्ली, दुपारी लहान पोरासारखे झोपले.

तिन्हीसांजेला तुम्ही आलात. अंगावर ती पिवळसर शाल, हातात स्टुडिओतल्या पूजेचा प्रसाद आणि बोरं. सरस्वतीपूजा होईतो त्या साली बोर तोंडात घालायचं नाही म्हणून दादा तोवर थांबलेले. तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांना पहिलं बोर भरवलंत. तुमचा घसा पार बसला होता. "काय रे भवतोष, कुठं बोंब मारून आलास?" दादांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरांबरोबर आरतीत ओरडलो." मग तसबिरीपुढचा गठ्ठा बघून म्हणालात, "उद्यापासून उचल, घाई नाही. डबिंगची तारीखच पडली नाहीये अजून."

दादा मला म्हणाले, "निभा, त्याला आपलं पाणी दे."

मी दिलं. मीठ घालून, कोमट करून, त्यांच्याच पेल्यात. तुम्ही गॅलरीत उभं राहून गुळण्या केल्यात. मी टॉवेल धरून मागे उभी होते.

फाल्गुनात एका सकाळी सगळा कबुलीजबाब एकदाही न अडखळता बाहेर आला. खालून घोषालबाबूंनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, "भवतोषला कळव, मी तयार आहे." मी खाली घोषालांच्या फोनवर गेले. लतिकानं उचलला, मग तुम्ही आलात. मी आनंदानं इतकं भरभर बोलले की तुम्हांला मध्ये शब्द घालता आला नसेल, असं मी आजवर समजत होते. पण मी थांबले होते. चांगली थांबले होते. आणि मग तुम्ही म्हणालात, "त्यांना म्हणावं, घसा जपा. तारीख ठरली की मी स्वतः न्यायला येतो."

चैत्रात ते गेले. त्या दिवशी पाणी गरम करून ठेवलं होतं.

ज्येष्ठात तो भाग लागला. मी घोषालांकडे बसून पाहिला. खोली भरलेली. तुम्ही त्यात डॉक्टर होतात, ज्याच्यावर उगाच आळ येतो. शेवटी दादा उठतात, खिडकीपाशी जातात आणि बोलायला लागतात. घोषालांची सून रडायला लागली. "काय आवाज, काकीमा! मरणाच्या दारातल्या माणसाचा वाटतो का?" मला वाटलं, खरंच वाटत नाही. मग शेवटचं वाक्य आलं, आणि आवाज रडला. दादांचा चेहरा कोरडा होता. चेहरा बाजारभाव सांगत होता आणि आवाज रडत होता.

तेव्हाच कळलं, तुम्ही आहात. आयुष्यभर मैफलीत दादांची नक्कल करून हसवलंत, तो आवाज मला कळणार नाही?

खरं सांगते, मला राग आला नाही. मेलेल्या माणसाचा आवाज कुणी तरी भरणारच. मनात म्हटलं, परक्यापेक्षा ठाकुरपोंनी भरला, बरं झालं. रडलात, तेसुद्धा माफ करून टाकलं. पडद्यावर डॉक्टर होऊन तुम्ही तोच आवाज ऐकत डोळे पुसत होतात, तेही मला प्रेमच वाटलं.

मग तुमच्या त्या जुन्या नटांच्या संस्थेनं दादांना बक्षीस जाहीर केलं, अखेरच्या भूमिकेसाठी. तुम्हीच टॅक्सी घेऊन मला न्यायला आलात. मी पांढरी गरदची रेशमी साडी नेसले. विंगेत खुर्चीवर बसवलंत. तिथं तुमचा तो आवाज भरून घेणारा सुखेन भेटला. पाया पडला, भला पोरगा. म्हणाला, "मासीमा, एक सांगू? भवतोषदांनी कुणाला कळू दिलं नाही, पण तुम्हांला कळायला हवं. दादांचा आवाज त्यांनी भरलाय. नाव लावू दिलं नाही, काही घेतलं नाही. सरस्वतीपूजेच्या दिवशी कोण कामाला हात लावतो? स्टुडिओत चिटपाखरू नव्हतं. मला हात जोडून आणलं. म्हणाले, आजच उरकू, आज कुणी बघायला यायचं नाही."

मी विचारलं, "कुठली सरस्वतीपूजा, बाबा?"

"ही काय, माघातली! घसा फुटेपर्यंत काम केलं माणसानं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. तुम्ही मंचावर दोन्ही हातांत बक्षिसाची पितळेची वीणा घेऊन उभे. माइकवर म्हणालात, "अनादिदा गेले, पण त्यांचा आवाज कुणी नेऊ शकलं नाही." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तुम्ही वाकून माझ्या पायांना हात लावलात. मी वीणा घेतली. बोलायला सांगितलं तर नको म्हणून मान हलवली. सगळ्यांना वाटलं, गहिवरली.

टॅक्सीत तुम्ही म्हणालात, "बौदी, काही तरी बोला." मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मी खूप विचार केला, ठाकुरपो. दिग्दर्शकाला घाई असेल. म्हाताऱ्याच्या जिभेवर कोण थांबणार? माघात त्यांचा आवाज खरंच चांगला नव्हता, हे मी नाही म्हणत नाही. तुम्ही नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, त्याला दादांची ढबही आली नसती. हे सगळं मी तुमच्या बाजूनं स्वतःला सांगून पाहिलं. पण मग फाल्गुन आला ना! तेव्हा खरं सांगायला काय झालं होतं? ते चिडले असते, शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस तोंड फिरवून बसले असते, आणि मग म्हणाले असते, "ये, कसा केलास ते म्हणून दाखव." एवढं तर तुम्ही त्यांना ओळखत होतात. त्याऐवजी एक माणूस रोज सकाळी उठून, जे होऊन गेलं होतं त्याची तयारी करत राहिला. तुम्ही तयारी करू दिलीत. आणि मी पाणी तापवत राहिले.

त्या गोष्टीतल्या खुन्यानं निदान शेवटी सगळ्यांसमोर कबूल केलं. तेही तुमच्याच आवाजात.

त्या रात्री वीणा देवीच्या तसबिरीपुढे ठेवायला गेले, हात पुढे झाला नाही. उशाशी ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी उठून नळाखाली बादली लावली. आंघोळ केली. वीणा जुन्या गमछ्यात बांधली आणि बस धरून टॉलीगंजला आले. तुम्ही शूटिंगला गेला होतात. लतिकानं बसायला सांगितलं, मी बसले नाही. गाठोडं तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे भवतोषबाबूंचं आहे, चुकून आमच्याकडे आलं." तिनं पाणी दिलं, ते प्याले, आणि घरी आले.

निभाननी सान्याल