मोठ्या फुलाच्या भेंडीत दाणा न भरण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
बियाणे केंद्र, वाण मान्यता कक्ष,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय: मोठ्या फुलाच्या भेंडीचे वाटप थांबवणे व जुन्या भेंडीच्या बियांचा शेवटचा डबा मंगळवारी न जाळणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या केंद्रात एकोणीस वर्षे मोजणीदार आहे. सकाळी फुले मोजायची, पुढे भेंडी वाळली की चिरून दाणे मोजायचे, एवढेच तिचे काम. केंद्रात तिला मोजबाई म्हणतात. तिची हरकत नाही.

२. भेंडीचे फूल एकच दिवस टिकते. मोजलेले फूल पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून अर्जदार त्यात करंगळी फिरवते. पिवळा पराग मधल्या गडद लाल टोकावर लागतो. ठिपका दिसला की समजावे, हे झाले. ही रीत तिला सासूबाईंनी शिकवली, त्याही याच कामावर होत्या. खुणेपलीकडे या करंगळीने काही होत असेल, असे दोघींच्याही डोक्यात कधी आले नाही.

३. जुन्या भेंडीत ते लाल टोक परागाला खेटूनच असते, त्यामुळे पराग आपोआप लागतो. माशी आली तर दाणे थोडे वाढतात, इतकेच. आपण निवडलेल्या वाणाचे फूल तळहाताएवढे, पण त्याचे टोक परागाच्या बरेच वर, आणि उमलते ते दहा वाजता, मधमाश्या पांगल्यावर. तरी चाचणीच्या तिन्ही हंगामांत भेंडीमागे साठ दाणे भरले. महोदय, ते करंगळीने भरले होते.

४. हे कळले थोरल्या बहिणीच्या शेतात. फुले अशी की लोक वाट वाकडी करून बघायला येत. तोडणीला गेलो तर झाडाखाली गळलेल्या फुलांचा खच, आणि वर विळ्यासारख्या वाकड्या भेंड्या. आत दोन-तीन दाणे, काहींत तेही नाहीत. बहीण रागावली नाही. तुझ्या हातचं बी म्हणून डोळे मिटून लावलं गं, एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून अर्जदाराला अन्न गोड लागत नाही.

मग केंद्रात नव्या वाणाची चाळीस फुले पाहिली. विसांना करंगळी लावली, त्यांत सरासरी अठ्ठावन्न दाणे. विसांना लावली नाही, त्यांतली सोळा गळाली. पहिल्या अर्जावर उत्तर आले की मोजणीदाराने मोजावे, निष्कर्ष काढू नयेत. दुसऱ्यावर, केंद्राच्या फुलांना विनापरवाना स्पर्श केल्याबद्दल खुलासा मागवला आणि हातमोजे दिले. हातमोजे मिळाले, आभारी आहे.

५. नवे बी अकरा हजार घरांत गेले आहे. भेसळ नको म्हणून प्रत्येक पुडीबदली घरातले जुने बी जमा करून घेतले आणि जाळले. म्हणजे पुढच्या हंगामाला पेरायला कुणाकडे काहीच नसेल. घरटी दोनशे झाडे आणि झाडाला रोज एक फूल धरले, तरी बावीस लाख फुले होतात. अर्जदाराच्या हाताने सकाळी नऊशे होतात. बाकी दोन हजार चारशे चव्वेचाळीस करंगळ्या कुठून आणाव्यात, हे कृपया कळवावे. ते जमत नसेल तर फुलाला बोट लावा, एवढे तरी पुडीवर छापावे.

६. उरला तो चौथ्या खोलीतला डबा. इथे अर्जदार मागच्या अर्जांत लपवलेली गोष्ट कबूल करते. त्यातले बी ज्या ओळींतले आहे, त्या नव्या वाणाला लागूनच होत्या. फेरी एकच, करंगळीही एकच. आधी नव्या ओळीत, मग जुन्या. मध्ये पुसली कधीच नाही, म्हणजे नव्याचा पराग जुन्यालाही लागत गेला. डब्यातले किती दाणे निखळ राहिले हे तिला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या कुणाला असण्याचे कारण नाही. तिला याची फार भीती वाटते. म्हणून विनंती की डबा पेरू द्यावा. फुले येतील तेव्हा अर्जदार हात पाठीमागे धरून उभी राहील. न शिवता ज्या झाडाला भेंडी धरेल, तेवढ्याचेच बी ठेवावे.

७. जाळण्यापूर्वी डब्यातले दाणे मोजून द्यावेत, असा लेखी आदेश अर्जदारालाच आहे. त्याचे पालन सुरू आहे. ती एकेक दाणा मोजते, आणि आकडा चुकला की पहिल्यापासून सुरुवात करते. हल्ली आकडा फार चुकतो. मोजणी मंगळवारपर्यंत संपेल असे दिसत नाही.

आपली आज्ञाधारक, आणि या प्रकरणात दोषी,

(सही)
मोजणीदार, खोली क्रमांक चार
रविवार, सकाळी

सोबत:
(१) बहिणीच्या शेतातली भेंडी, एक, चिरलेली. दाणे: नाहीत.
(२) हातमोजे, एक जोडी, न वापरलेले.