सोफ्यावरून दिसणारं बंदर

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (वाकायला कंबर धड हवी, ती ऑफिसच्या खुर्चीनं केव्हाच ठेवून घेतली आहे. तरी पोचला असं समज.) वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांना न्यायला तू पुढच्या महिन्यात येणार होतास, तर जमल्यास आधीच ये. का ते सांगते.

मी ऑफिसात बनवलेला बंदराचा खेळ तुला ठाऊकच आहे. कॉम्प्युटरवर किती देखणा होता तो! माउसनं हवी ती बोट उचलावी, हवी ती क्रेन फिरवावी, अर्धा कीबोर्ड कामाला लावावा आणि पडद्याला नाक लावून बारीक अक्षरांतले तक्ते वाचावेत. (घराकडे पाठ करून एकट्यानं खेळायचा खेळ, आपल्या घराण्याला साजेसा.) आता साहेबांचं फर्मान निघालं, की तो कन्सोलवरही चालला पाहिजे. म्हणजे लांब टीव्ही, हातात मोजकी बटणं आणि खेळणारा सोफ्यावर रेललेला. ऑफिसात सोफा नाही, म्हणून कन्सोल आपल्या घरी आला. सोफ्यावर अर्थातच बाबा होते.

आई गेल्यापासून ते बंद टीव्हीसमोर बसतात, शेजारी तिच्या जागेवर तिची उशी तशीच ठेवून, हे तू पाहिलंच आहेस. हूं नाही की चूं नाही. मी पलीकडच्या कोपऱ्यात टेकले आणि खेळ सुरू केला, तर आवाज आला, "हे मुंग्यांसारखं काय लिहून ठेवलंयस?" दादा, मला रडूच आलं, पण रडायला फुरसत कुठे, अक्षरं मोठी करायची होती. मोठी अक्षरं मावेनात म्हणून निम्मे तक्ते गेले. मग मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. (इथं फसले.) त्यांचा अंगठा थरथरतो, पडद्यावरचा बाण भलतीकडेच भरकटतो, म्हणून बाणही गेला. आता खेळणारा आकाशातून बंदर चालवत नाही. मोठी जहाजं दोरानं ओढून आणणाऱ्या एका छोट्या बोटीचा कप्तान होतो. जहाज एका बोटीला हलेना, म्हणून दुसरी बोट आली, ती माझी. "ओढ ना गं, झोपलीस काय!" असं बाबा इतक्या जोरात ओरडतात, की शेजारीणबाई भांडण झालं का म्हणून विचारून गेल्या.

जिवापाड जपलेला माझा खेळ असा सोलून निघाला. साहेबांना मात्र आवडला. म्हणाले, हा कुणासाठी केलाय ते आता कळतं. माझ्या मनाला ते फार लागलं, आणि अजून मी बाबांवर रागावलेली आहे. तर असा हा जाच. मुलांना गोड पापा.

तुझी एकुलती एक, म्हणून लाडकी,
धाकटी

ता. क. पत्र बाबांना वाचायला दिलं, तर अक्षर बारीक म्हणून त्यांनी परत केलं. म्हणून हे मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलंय. कागद पुरेना, तेव्हा निम्म्या तक्रारी गाळल्या.

ता. क. दुसरा. बाबांना न्यायला येऊ नकोस. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यापुढे एकच खुर्ची.

ता. क. शेवटचा. काल बाबा म्हणाले, तिसरी बोट कर. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, "थोरला आला की तो काय नुसता बघत बसेल?" आणि आईची उशी उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. जागा झाली आहे, दादा. खेळायला ये.