सेटिंगचं बटण सगळ्यांना

चिंगे,

शाळेतून आलीस की दप्तर ठेव आणि कल्पना कर: घरात पंखा सगळ्यांचा, पण त्याचं बटण तुझ्या बाबाच्या कपाटात, कुलपात. आपल्या कॉम्प्युटरचं तसंच होतं. आजीला अक्षरं मोठी करायची तरी बाबाचा पासवर्ड लागायचा. म्हणून काल मी तो मागून घेतला आणि प्रत्येकाच्या खात्यात सेटिंगचं बटण समोरच आणून ठेवलं.

घोळ माझाच. ज्याची सेटिंग त्याच्यापुरती ठेवायची, तर मी सगळ्यांना सगळ्यांची दिली. आजीने आपली अक्षरं वाढवली, ती बाबाचीही वाढली. सकाळी घरूनच केलेल्या ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याच्या साहेबांना अख्ख्या पडद्यावर एकच 'क' दिसला. "अण्णा, संध्याकाळी आल्यावर सगळं बंद करणार!" असं म्हणत तो तणतणत ऑफिसला गेलाय. तसं झालं, तर बहिणीची मेल वाचायला आजीला पुन्हा त्याच्या मिनतवाऱ्या.

मी आजीला दातांच्या डॉक्टरांकडे नेतोय. बाबा सहाला येईल. त्याआधी तू सेटिंग उघड, 'सर्वांसाठी'वरची खूण काढून 'फक्त माझ्यासाठी'वर कर. सावकाश कर, कॉम्प्युटर चावत नाही.

तरीही बाबा चिडलाच, तर त्याला एक आठवण करून दे. तो तुझ्याएवढा असताना मी त्याला टीव्हीच्या बटणाला हात लावू देत नसे. महिनाभर तो "अण्णा, आवाज वाढवा ना" म्हणत राहिला. मग एका दुपारी त्याने माझा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि टीव्हीच मागून उघडून बसला.

आजोबा