निळ्या गाडीवरचे पांढरे डाग

३ मार्च, मंगळवार

आज बाबांनी गाडी सात वेळा धुतली. सात म्हणजे वरच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलेल्या. मी शाळेतलं काम आटपून आले तेव्हा आठवी चालू होती. दुपारचा दीड, पत्रा तव्यासारखा तापलेला आणि त्यावर बोअरचं पाणी. पाणी पडतं, बघता बघता उडून जातं, मागे चुना तेवढा ठेवून जातं. निळ्या रंगावर पांढरे ठिपके — देवी आल्यासारखी दिसते गाडी.

म्हटलं, बाबा, निदान पुसून तरी घ्या. म्हणाले, पुसायला माणूस येणार आहे. कोण माणूस, कधी येणार, त्यांनाच ठाऊक.

४ मार्च

वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळतेय. चुन्याला आम्ल लागतं हे मला कुणी शिकवायला नको. पहाटे पत्रा गार असताना बसले. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. फडकं भिजवून डागावर मिनिटभर नुसतं ठेवायचं, रगडायचं नाही. मग शाळेतून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं. डावी बाजू अख्खी झाली. लखलखीत!

दुपारी येऊन बघते तर — ये रे माझ्या मागल्या.

६ मार्च

कधीतरी लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर मीही विसरेन.

बाबा गाड्या रंगवायचे. चाळीस वर्षं. ठोकलेल्या, चेपलेल्या, जळक्या गाड्या यायच्या आणि नव्या होऊन जायच्या. 'कुठे लागलं होतं ते गाडीच्या मालकालाही सापडता कामा नये,' असं म्हणायचे. दुसऱ्यांच्या गाड्यांत जन्म गेला, स्वतःची घेतली ती गॅरेज सोडताना. जुनीच, गंजलेली. पाच महिने तिच्यावर एकटे काम करत होते. पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरली, घासली, परत भरली. रंग स्वतः मिसळला — दौतीतल्या शाईसारखा निळा. आई बाहेर येऊन म्हणाली होती, यात मला माझी वेणी दिसतेय. बाबा त्या दिवशी जेवताना उगाचच हसत होते.

आई जाऊन चार वर्षं झाली. बाबांचं विसरणं दोन वर्षांचं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. मी कधी मुलगी असते, कधी 'बाई'. गाडी मात्र रोज ओळखतात.

८ मार्च, रविवार

गाडीवर कव्हर घातलं. बाबांनी ते काढून, घडी करून, माझ्याच उशाशी आणून ठेवलं.

मग बाहेरच्या नळाची चावी बंद केली. बाबा नळापाशी उकिडवे बसले, अर्धा तास. नुसते हात नळाखाली धरून बसले. मला बघवेना. सोडलं पाणी.

११ मार्च

आज जिवाचं पाणी पाणी झालं.

वाटलं, गाडीच नजरेआड केली तर? ठिपक्याला सांगितलं. ठिपक्या म्हणजे बाबांचा जुना चेला. शिकाऊ असताना एका दारावर रंगाचा ठिपका पाडला, तेव्हापासून बाबांनी हेच नाव ठेवलं. आता पन्नाशीला आला, स्वतःचं दुकान आहे, तरी ठिपक्याच. तो सकाळी येऊन गाडी घेऊन गेला.

दुपारी आले तर दार सताड उघडं. बाबा नाहीत. मी नसताना लक्ष ठेवणाऱ्या वरच्या काकू आंघोळीला गेल्या होत्या, तेवढ्यात निसटले. सगळ्या गल्ल्या धुंडाळल्या. तीन तासांनी सापडले. मोठ्या रस्त्याच्या कडेला, हातात रिकामी बादली, पायात चप्पल नाही. तळवे पोळलेले. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला हात लावून बघत होते. एका गाडीवाल्यानं ढकललं म्हणे. कोपराला खरचटलंय.

संध्याकाळी ठिपक्यानं गाडी परत आणून लावली. बाबांनी तिच्या टपावर हात ठेवला आणि मग कुठे पाणी प्यायले.

दादाला फोन करून कळवावं लागलं. म्हणाला, बघतो काहीतरी. त्याचं 'बघतो' म्हणजे काय ते मला माहीत आहे.

१२ मार्च

ठिपक्या पुन्हा आला, गाडी नीट बघायला. बोटाचं नख फिरवलं आणि मान हलवली. वरचे डाग तुमच्या व्हिनेगरनं निघतील ताई, पण हे खालचे आता डाग राहिले नाहीत, खड्डे झालेत. क्षारानं वरचा पारदर्शक थर खाल्लाय. ते काढायचे तर थर खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचा, पॉलिशनं. दोनदा होईल, फार तर तीनदा. थर काय रोज उगवतो थोडाच? पुढे रंग, रंगाखाली राखाडी अस्तर.

जाताना बाबांच्या पाया पडला. बाबा म्हणाले, 'सुखी राहा. कोण तुम्ही?'

गल्लीच्या टोकापर्यंत डोळे पुसत गेला. एवढा मोठा माणूस.

१४ मार्च

पहाटे चारपासून सात वाजेपर्यंत पॉलिश केलं. ठिपक्यानं मशीन दिलं आहे. पूर्ण गाडी. एकही डाग नाही. मशीन धरून धरून अक्षर वेडंवाकडं येतंय.

आणि बाबा बाहेर आले, बादली भरली. गाडीपाशी उभे राहिले. वाकून, एक डोळा मिटून, उजेडाच्या दिशेनं बघतात ना पेंटर, तसं बघितलं. चारी बाजूंनी. मग बादली झाडाला ओतली आणि आत येऊन नाश्ता केला. सुट्टीचा दिवस, मी घरीच होते, दिवसभर लक्ष ठेवून. एकदाही धुतली नाही!

म्हणजे मला इतके दिवस कळलंच नाही. ते गाडी धुवत नाहीत. ते डाग काढतात. डाग दिसतो म्हणून पाणी ओततात, पाण्यानं डाग पडतो, तो दिसला की पुन्हा पाणी. मी पहाटे जे करते तेच ते दुपारी करतात.

१५ मार्च

आजही नाही. जेवताना मला नावानं हाक मारली.

१७ मार्च

एक राहिला होता. उजव्या दाराच्या मुठीखाली, मोहरीएवढा. बाबांना सापडला. सहा बादल्या.

१८ मार्च

पुन्हा पॉलिश. दुपारी पुन्हा पाणी. वरच्या काकूंच्या कुंड्यांतून चार थेंब टपावर पडले होते, त्यावरून सुरुवात. काकू बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. त्यांचा काय दोष? त्यांनी कुंड्या आत घेतल्या. थेंब काय, कुठूनही पडतील.

२० मार्च

तिसरं पॉलिश. ठिपक्यानं दिलेली मोजणी संपली.

२२ मार्च, रविवार

दादा आला. यायची वेळ अशी साधली की बाबा भर उन्हात गाडीशेजारी खाली बसलेले. पडले की बसले, कळायला मार्ग नाही. हात पाण्यानं पांढरेफटक, बोटांची सालं निघालेली. दादानं त्यांना उचलून आत आणलं. बाबा त्याला 'साहेब, गाडी परवा मिळेल' म्हणत होते.

त्यांना झोप लागल्यावर दादा बोलला. आवाज न चढवता, हेच वाईट. एक जागा बघितली आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर असतो, दाराला कुलूप असतं. एक तारखेला, बुधवारी, तो न्यायला येईल.

म्हटलं, तिथे गाडी आहे का?

'तू वेड्यासारखं करू नकोस. त्यांचे हात बघितलेस? तू सकाळी शाळेत असतेस, ही वरची म्हातारी गॅलरीतून किती बघणार? उद्या उन्हात पडून राहिले तर?'

तो चुकीचं बोलत असता तर भांडले असते.

निघताना गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला त्यानं. म्हणाला, याच गाडीवर मी शिकलो चालवायला, पहिल्याच दिवशी खांबाला घासली होती. बाबा काही बोलले नव्हते, दुसऱ्या दिवशी ओरखडा शोधूनही सापडला नव्हता. मग डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगून निघून गेला.

२३ मार्च

नऊ बादल्या.

२४ मार्च

शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं, दुपारची पाळी मिळेल का. म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. पुढलं वर्ष!

घरी आले तर बाबा विचारत होते, बाई, इथे काम करणारी मुलगी होती ती कुठे गेली? म्हटलं, येईल. म्हणाले, तिचा हात चांगला आहे, तिला सोडू नका.

२५ मार्च

संपलं.

पहाटे बॉनेटच्या कामाला बसले. माहीत होतं की थर उरलेला नाही, तरी बसले. एकच डाग होता, कडेला, जिथे पत्रा वळतो. नुसतं मशीन टेकवलं, इतकंच. आधी फडक्यावर निळं आलं. फडक्यावर निळं येऊ नये, एवढं मलाही कळतं. थांबायला हवं होतं. मला वाटलं, आणखी दोन फेऱ्यांत कडा सारख्या होतील. आणि मग निळ्यातून राखाडी वर आलं. अस्तर. तळहाताएवढं.

बाबांनी पाच महिन्यांत जे केलं ते मी तीन आठवड्यांत घासून टाकलं. पायरीवर बसून राहिले. शाळेला उशीर झाला.

दादाला फोन केला. म्हटलं, बुधवारी ये. मी त्यांचे कपडे भरून ठेवते. तो म्हणाला, बरं. आणि फोन ठेवला.

२६ मार्च

बाबांनी काल दिवसभर पाणी घातलं नाही! मी दुःखात, मला आज काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणून रजा टाकून घरी थांबले. ते बादली घेऊन आले, बॉनेटवरचा राखाडी भाग बघितला आणि बादली लांब नेऊन ठेवली. 'बाई, अस्तर उघडं आहे. आता पाणी नाही लावायचं, पाणी पितं ते. फुगेल.'

म्हणजे अस्तर उघडं आहे तोवर पाणी नाही! मी ठिपक्याकडून पॉलिशपेपर, रंग घासायचा खरखरीत कागद, आणला. बॉनेटपासून सुरुवात केली, कोरडंच. संध्याकाळपर्यंत बॉनेट, टप आणि डाव्या बाजूचा निळा रंग उतरवला, सगळं राखाडी. बाबा स्टूल टाकून सावलीत बसले होते. मधूनच उठून हात फिरवायचे — इथे राहिलंय, इथे जोर नको. विचारलं, रंग कधी? म्हणाले, उद्या.

दादाला फोन करून सांगितलं, बुधवारी येऊ नकोस. का, म्हणाला. म्हटलं, गाडी कामाला घेतली आहे.