वरणातला कांदा

नांदुरा, ३ जाने.
लघवीच्या तपासणीत पारा निघाला. गोरेपणाच्या क्रीममधून. मामीने दिली होती, "पोरगा पाहायला येणार, जरा उजळशीन." डबीवर आत काय आहे याचा एक शब्द नाही. घरात पहिली शिकलेली मी, आणि तीन महिने न वाचता तोंडाला फासली! बंद केली.

९ जाने.
कांदा, लसूण, कोबी खाल्ला की दोन तासांत डोकं जड, हात थरथरतात. नेटवर वाचलं: यांत गंधक असतं, अंगात पारा गेलेल्यांना ते सोसत नाही. डॉ. म्हणाले, पारा खरा, कांद्याचं सिद्ध झालेलं नाही. रोज लिहून ठेवा. सगळं सोडलं. लिहिते आहे.

१२ जाने.
विहारात जेवण. मी नुसता भात घेतला. मामी सगळ्यांसमोर, "काऊन वं, माळ घातली का? का आपल्या लोकायच्या हातचं चालत नाही आता तुले?" बाया हसल्या. माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतत, आणि हे मला ऐकवायचं? तेही जिने डबी दिली तिने! भात तसाच संपवला.

१८ जाने.
वरण, भाकर. कांदा नाही. सर्दी. डोकं ठीक.

२० जाने.
आई आज म्हणाली, "तीन दिवस झाले, वरणात कांदा शिजवून घोटून राह्यली. काई झालं का तुले?"
वही काढली. १७, डोकं जड. १८, ठीक. १९, ठीक.
मी ओरडले. माझ्या ताटात, मला न सांगता!
"डबी लावली तवा कोणाले इचारलं होतं तुनं?"

२१ जाने.
१८चं पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं. 'कांदा नाही' खोडून 'कांदा होता' लिहिलं. 'ठीक' तसंच. मामीला कळलं तर म्हणेल, सगळी नाटकं. पण १७चं डोकंही खरंच होतं.

२२ जाने.
आईला म्हटलं, करायचं तर नीट कर. चौदा दिवस. कांदा कधी टाकायचा ते तू ठरव, मला सांगू नको. तिला लिहिता येत नाही. कांद्याच्या दिवशी पिठाच्या डब्यामागे कोळशाने रेघ मारणार. मी तिकडे बघायचं नाही. वास कळू नये म्हणून नाकाला रुमाल बांधून जेवले. आई हसली, "डाकूवानी दिसतं."
तिच्या तोंडाकडे पाहायचं नाही ठरवलं होतं. पाहिलं. काही कळलं नाही.
दोन तास झाले. हात थरथरताहेत. कांद्याने की भीतीने?
लिहिलं: थरथर आहे. कारण माहीत नाही.